कालव्याची किल्ली

१

शुक्रवारची सकाळ. आखातातल्या दम्मामच्या आपल्या घरात हनीफ परकार पलंगाखाली डोकं घालून वहाणा शोधत होता. साध्यासुध्या वहाणा नव्हेत त्या. गावच्या मोच्याकडून मापानं शिवून घेतलेल्या, जाड चामड्याच्या, गावच्या दगडी पाखाडीवरून खाडीपर्यंत चालायच्या. सहा वर्षं त्या कपाटात पडून होत्या आणि दरवर्षी हनीफ त्यांना खोबरेल लावून पुन्हा जागेवर ठेवायचा.

"मेहेक गो, माझ्या वहाणा कुठं गेल्या?"

"मला काय माहीत?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "घालून जायचंय कुठं? मॉलात?"

जायचं कुठंच नव्हतं. आई गेल्यापासून गावचं घर कुलपात होतं, आणि दरवर्षी तो ‘पुढच्या वर्षी’ म्हणत होता. नुसतं तेल लावायचं होतं, बस्स.

तेवढ्यात फोन वाजला. अबकैकहून हरिहर पाटणकर बोलत होता.

"हनीफभाई, चोरी झाली. माझी किल्ली गेली."

"कसली? गाडीची?"

"कालव्याची!"

हनीफचा धंदा मसाल्याचा आणि खजुराचा. पण त्या भागातल्या मराठी मंडळींत त्याचं नाव होतं ते हरवलेल्या वस्तू हुडकण्यासाठी. कादिर नावाच्या व्यापाऱ्याच्या गोदामातला उंची खजूर कोण फस्त करतं, हे त्यानं कोपऱ्यात सापडलेल्या बियांवरून ओळखलं होतं. तेव्हापासून कुणाचं काही हरवलं की आधी हनीफभाईला फोन. स्वतःच्या वहाणा तेवढ्या त्याला सापडत नव्हत्या.

तासाभरात त्याची पिकअप अबकैकला पाटणकरांच्या दारात उभी राहिली. हरिहर खालीच वाट बघत होता. माणूस मूळ नाशिकचा. गोदावरीत पोहायला शिकलेला, आणि बावीस वर्षं या नदी नसलेल्या देशात तेलाच्या प्लँटवर इंजिनिअर. त्याच्या हॉलच्या एका भिंतीवर इंग्लंडातल्या कालव्यांचा भलामोठा नकाशा होता, त्यावर रंगीत टाचण्या, आणि शेजारी एक खिळा. या खिळ्यावर इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली एक लोखंडी किल्ली टांगलेली असायची. आज खिळा रिकामा होता.

आलेल्या प्रत्येकाला हरिहर या किल्लीची कथा ऐकवायचा. हनीफला ती पाठच होती. तिकडे कालव्यांतून लांबलचक, अरुंद बोटी चालतात. आत पलंग, शेगडी, सगळा संसार. माणसानं भाड्यानं घ्यायची आणि स्वतःच हाकायची. कालवा टेकडीवर चढतो तिथे लॉक असतात, म्हणजे पाण्याच्या पायऱ्याच. ही किल्ली लावून झडपा उघडायच्या, पाणी भरलं की बोट आपोआप वर येते. लॉक शंभराच्या वर, आणि बोटीचा वेग चालत्या माणसाइतका.

"म्हणजे आमच्या गावची म्हैस पुढे निघून जाईल," हनीफ दरवेळी म्हणायचा.

"जाऊ दे म्हैस!" हरिहर दरवेळी म्हणायचा. "तू वाट बघ ना कसली आहे. गोल! कालव्यानं उतरायचं, एव्हन नदीच्या प्रवाहाबरोबर खाली जायचं, मग सेव्हर्नमधून उलट वर, आणि पुन्हा कालव्यानं चढायचं. घड्याळाच्या दिशेनं, अगदी प्रदक्षिणेसारखं. ज्या धक्क्यावरून निघालो त्याच धक्क्यावर येतो आपण, पण एकदाही मागे वळावं लागत नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की हनीफला आत कुठंतरी दुखायचं. आपण नुसते निघालो, वर्तुळ काही पुरं झालं नाही, असं त्याला वाटायचं.

आज हरिहरनं कथा सांगितली नाही. त्यानं हनीफला जिन्यातच थांबवलं.

"बुधवारचं विमान आहे. व्हिसे लागलेत, रजा मंजूर आहे. जुलैत मी रिटायर होतो, मग फायनल एक्झिट, हा देश कायमचा सोडायचा. नाशिकला गेल्यावर कुठलं इंग्लंड आणि कुठलं काय? हा शेवटचा डाव आहे. पण हनीफभाई, ही किल्ली गौरीनं लपवली असेल, तर त्याचा अर्थ सरळ आहे. तिला यायचं नाही. तसं असेल तर मी आज संध्याकाळी बोटवाल्यांना नाही म्हणून कळवतो. बायकोला फरफटत नेऊन मला नदी बघायची नाहीये."

"वहिनींना विचारलंस?"

"विचारलं. ‘मला नाही माहीत’ म्हणाली, आणि नजर चुकवली. कळवायचं वगैरे मी तिला बोललेलो नाही. आधी तू खरं काय ते सांग."

हरिहरचे डोळे पाणावले होते. हनीफनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

२

खिळा घट्ट होता. भिंतीला ओरखडा नव्हता. किल्ली टांगायची सुतळी सोडवून, नीट घडी घालून टेबलावर ठेवलेली होती. घाईत चोरी करणारा माणूस सुतळीची घडी घालत बसत नाही, हे हनीफनं मनात टिपलं.

मग तो चपलांच्या रॅकपाशी वाकला. गौरीवहिनींच्या घरात जमिनीवरून जेवावं इतकी स्वच्छता. तरी रॅकच्या पायाशी दोन पिवळे दाणे पडले होते. तांदळाचे.

"परवा बुधवारी शेजारून बिर्याणी आली होती," हरिहर म्हणाला. "तिचे असतील."

हनीफनं एक दाणा दाताखाली धरला. कट्ट आवाज झाला. दाणा कच्चा होता. त्यानं दुसरा रुमालात बांधला आणि खिशात टाकला.

पहिला संशयित बोलावल्याबरोबर हजर झाला. हर्षवर्धन, पुण्याचा तरुण इंजिनिअर, हरिहरच्याच हाताखालचा. त्यालाही याच पंधरवड्यात रजा हवी होती आणि हरिहर जाणार म्हणून ती नाकारली गेली होती. हे साऱ्या प्लँटला माहीत होतं.

"मला रजा हवीय, खोटं कशाला बोलू?" हर्षवर्धन सोफ्यावर रेलून म्हणाला. "बायको तोंड फुगवून बसलीय घरी. पण काका, लोखंडाचा दांडा चोरून रजा मिळत असती ना, तर आत्तापर्यंत प्लँटमध्ये एक बोल्ट शिल्लक राहिला नसता."

"काल दिवसभर कुठं होतास?"

"यांच्याच शेजारी! शटडाऊनचा, म्हणजे प्लँट बंद ठेवून दुरुस्तीचा, शेवटचा दिवस होता. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत सरांनी मला हलू दिलं नाही, विचारा की."

हरिहरनं मान डोलावली. पहिला संशयित चहा पिऊन निघून गेला.

दुसरी संशयित आपल्या खोलीत कानात इअरफोन घालून बसली होती. ओवी, पाटणकरांची मुलगी, अकरावीतली.

"अंकल, आय नो," ती आधीच म्हणाली. "सगळ्यांना वाटतंय मी केलं. कारण मी म्हटलं होतं, टू वीक्स, नो वायफाय, आय विल डाय."

"मग? केलंस का?"

"नो! काल सकाळी परीक्षेला गेले तेव्हा किल्ली जागेवर होती. आल्यावर मी झोपले. आणि मला चोरायचीच असती तर बुधवारी नसती का चोरली? तेव्हा ती खाली काढलेलीच होती. आई तेल लावत होती तिला."

हनीफचे कान टवकारले. "तेल?"

"हो ना. गंज काढला, पुसली, अगदी शायनी केली. मी म्हटलं आई, यू हेट धिस ट्रिप. तर ती म्हणाली, गप्प बस आणि अभ्यास कर."

हनीफ उठला. ज्या वस्तूचा तिटकारा आहे तिला कुणी बसून तेल लावत नाही. स्वतःच्या वहाणा त्याला आठवल्या. तेल माणूस कशाला लावतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता उरली तिसरी. तिला विचारायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

३

गौरी ओट्यापाशी कणीक मळत होती. वाईची बाई. माहेरच्या दारातून कृष्णेचा घाट दिसायचा, आणि लग्नानंतरचं सगळं आयुष्य इथं वाळूत गेलं. हनीफला पंधरा वर्षं तिनं सख्ख्या भावासारखं मानलं होतं.

"या हनीफभाई. चौकशी ना? करा."

"वहिनी, तुम्हाला जायचं नाही का बोटीवर?"

कणकेवरचा तिचा हात थांबला. "पहिल्यांदा ठरलं तेव्हा कोविड आला. दुसऱ्यांदा यांचा शटडाऊन पुढे ढकलला गेला. तिसऱ्यांदा माझे बाबा गेले. तीन वेळा मी हौसेनं हो म्हटलं, तीन वेळा बॅगा भरल्या आणि तीन वेळा रिकाम्या केल्या. आता मी बॅग भरणार नाही आणि हो पण म्हणणार नाही. लिहून घ्या."

"आणि हरिहरभाऊची तयारी चाललीय ती?"

"त्यांना काय? टाचण्या टोचायच्या. बुधवार कुठला आहे बघितलंय का त्यांनी? अमावास्या आहे! मी सांगितलं तर म्हणे, विमान कंपनीला कळव तसं."

बाहेरून हरिहर ऐकत होता. त्याचा चेहरा पडला. याहून स्पष्ट नकार तो काय असणार?

"वहिनी, एकच विचारतो. काल सकाळी ओवी गेली तेव्हा किल्ली जागेवर होती. संध्याकाळी भाऊ आला तेव्हा नव्हती. मधल्या वेळात घरात बाहेरचं कोण आलं होतं?"

गौरीनं पहिल्यांदाच वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं की मिश्किलपणा, हनीफला उमगेना.

"बाहेरचं माणूस काल एकच आलं, हनीफभाई. तुम्ही!"

४

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी वाळू डांबरावर सरकत होती. हनीफनं पिकअप हळू घेतली. हरिहरला तो एवढंच सांगून निघाला होता, "संध्याकाळी मगरीबच्या नमाजापर्यंत थांब. माझा फोन आल्याशिवाय कुणाला काही कळवू नकोस."

तर काल काय झालं होतं? नेहमीसारखा तो हुफूफहून खजूर भरून परत येत होता. वाटेत पाटणकरांकडे ताज्या ओल्या खजुराची, रुतबची पेटी द्यायला थांबला. दर गुरुवारचा शिरस्ता तो. आणि दर गुरुवारी वहिनी बळजबरीनं बसवायच्या, चहा, वर काहीतरी खायला, अर्धा तास हलू द्यायच्या नाहीत.

काल मात्र दारातूनच निरोप. "आज बसू नका हनीफभाई, पाचच्या आत निघा बघू." हातात एक पिशवी दिली होती. "मेहेकसाठी मेतकूट आहे. सरळ धरा, वाटेत कुठं खाली ठेवू नका." आणि चहाऐवजी तळहातावर चमचाभर दही. गोड. हनीफनं चाटलं होतं आणि म्हटलं होतं, चहाचा कंटाळा आला वाटतं वहिनींना.

पिशवी जड होती. मेतकूट इतकं जड कधीपासून झालं?

हनीफनं गाडी कडेला घेतली. शेजारच्या सीटवर, जिथं काल पिशवी होती, तिथं शिवणीत बोट फिरवलं. पिवळा दाणा हाताला लागला. त्यानं रुमाल सोडला आणि दोन्ही दाणे तळहातावर ठेवले. हळद लावलेले, कच्चे. एकाच मुठीतले!

"या अल्ला," तो स्वतःशी म्हणाला. "माल मीच पोचवला."

चोर सापडला होता. चोराचा हमालही सापडला होता. पण कारण? किल्ली नष्टच करायची तर कचऱ्यात टाकायची. तेल कशाला लावायचं, हळद-तांदळात कशाला बांधायची, आणि ती अमुक वेळेच्या आत घराबाहेर कशाला पडायला हवी?

काचेतून समोर बघता बघता त्याला गावचं घर दिसायला लागलं. पडवीतली फळी, आणि फळीवर लाल फडक्यातलं एक गाठोडं. शेजारच्या उल्हासकाकांचं. ते लांबच्या प्रवासाला निघणार असले आणि निघायचा दिवस वाईट असला, की आधीच्या चांगल्या दिवशी, चांगल्या वेळेला, आपली एखादी वस्तू तांदूळ-सुपारी घालून शेजारी आणून ठेवायचे. आणि मग खुशाल त्या वाईट दिवशी निघायचे, वाटेत गाठोडं उचलून. लहानगा हनीफ एकदा ते उघडायला गेला, तेव्हा आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. "हात लावू नकोस रे! गाठोडं नाय ते. लोकांचा प्रवास आहे."

हनीफ स्टिअरिंगवर डोकं टेकून बराच वेळ बसून राहिला. आईचा आवाज इतका स्पष्ट किती वर्षांत ऐकला नव्हता. मग त्यानं डोळे पुसले आणि घरी फोन लावला.

"मेहेक गो, काल वहिनींनी दिलेली पिशवी कुठं आहे?"

मेहेकचा आवाज खाली आला. "कपाटाच्या वर. पण तुम्ही हात लावायचा नाही. ताईंनी शपथ घातलीय मला."

"नाही लावत," हनीफ म्हणाला आणि त्यानं पिकअप अबकैककडे वळवली.

५

मगरीबची अजान होत होती तेव्हा पाटणकरांच्या हॉलमध्ये सगळे जमले. नकाशाखाली हरिहर, हातात फोन. दारात ओवी. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून गौरी.

"चोर सापडला," हनीफ म्हणाला. "भाऊ, तुझा अंदाज बरोबर. किल्ली वहिनींनीच घेतली."

हरिहरनं डोळे मिटले. "ठीक आहे. पाठवतो मी मेल."

"कसला मेल?" गौरी दचकली.

"बोट नको म्हणून."

"नको म्हणून? अहो, वेड लागलंय का तुम्हाला!"

"थांबा दोघंही, चौकशी माझी आहे," हनीफनं हात वर केला. "भाऊ, चोरानं सुतळीची घडी घातली, म्हणजे सगळं निवांत आणि मायेनं केलं. आदल्या दिवशी किल्लीला तेल लावलं. का? प्रवासाला जायची वस्तू गंजकी चालत नाही. हे दाणे बघ. बिर्याणीचे नाहीत, हळदीच्या अक्षता आहेत. मला काल चहा नाही, हातावर दही मिळालं. दही तुमच्यात कधी देतात, मी सांगायला हवं का? बुधवार अमावास्या आहे, आणि वहिनींना अमावास्येला निघायचं नव्हतं. म्हणून त्यांनी काय केलं? काल चांगली वेळ बघून तुमचं प्रस्थान ठेवलं! विमानतळाच्या वाटेवरच्या घरात. माझ्या घरात. आणि ते तिथं नेलं या गाढवानं, मेतकूट समजून."

हरिहरच्या हातातला फोन खाली आला.

"भाऊ, हिशोब सरळ आहे. तुझा प्रवास काल दुपारीच सुरू झालाय. ज्या बाईला जायचं नाही असं तू समजत होतास, तिनंच तो सुरू केलाय."

हरिहर बायकोकडे बघतच राहिला. "मग मला बोलली का नाहीस?"

आणि गौरीचा बांध फुटला. "कारण बोललं की मोडतं! तीनदा हो म्हटलं, तीनदा मोडलं. म्हटलं, या खेपेला तोंडानं नाहीच म्हणू. नशिबाला ऐकू जायला नको. तुम्ही घरात शिरल्यावर बायकोच्या आधी त्या खिळ्याकडे बघता, हे विसरले मी. अहो, मला काय हौस नाही का? बावीस वर्षं मी नळाचं पाणी बघतेय. मला नदीच्या कडेला बसून पाय सोडायचेत पाण्यात. तुमच्या टाचण्या मी रोज पुसते, माहितीये? कुठल्या धक्क्यावर कुठली रात्र, तोंडपाठ आहे मला."

हरिहर उठला. तो नुसता तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, तिचा हात हातात धरून.

"ओ माय गॉड," ओवी म्हणाली आणि इअरफोन काढून आईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन चिकटली.

"किल्ली घेऊन ये ना मग हनीफभाई," थोड्या वेळानं हरिहर म्हणाला. "एकदा बघू दे."

"खलास!" हनीफ म्हणाला. "माल सापडला, पण परत मिळणार नाही. प्रस्थान घरी परत आणलं तर प्रवास मोडतो. तुम्हालाच यावं लागेल न्यायला."

६

बुधवारी संध्याकाळी टॅक्सी हनीफच्या दारात थांबली. मेहेकनं कपाटावरून लाल फडक्यातलं गाठोडं काढून गौरीच्या ओंजळीत दिलं. गौरीनं ते कपाळाला लावलं. हरिहर बाजूला पोरासारखा उभा होता, मोठ्यानं श्वाससुद्धा घेत नव्हता.

"यल्ला, निघा आता," हनीफ म्हणाला. "म्हैस पुढे गेली असेल."

सगळे हसले. हनीफ मात्र हसता हसता मनात महिने मोजू लागला. जुलैनंतर गुरुवारचा चहा नाही, वहिनींचं रागावणं नाही. ही माणसं आपलं वर्तुळ पुरं करून घरी जातील, आणि आपण या वाळूत नुसते ‘पुढच्या वर्षी’ म्हणत राहू.

गौरी टॅक्सीत बसली आणि तिनं काच खाली केली.

"हनीफभाई, एक चोरी तुम्हाला सापडलीच नाही की हो."

"कुठली?"

"तुमच्या वहाणा. आमच्या घरी आहेत, दाराच्या मागे. माझ्या चोरीच्या आधीच्या रविवारी ओवीसाठी जुन्या प्रश्नपत्रिका म्हणून जी पिशवी तुम्हीच आणून दिलीत ना, ती. मेहेकनं पाठवल्या. तांदूळ नाही, सुपारी नाही, नुसत्या वहाणा. प्रस्थान म्हणजे काय ते मी तिला फोनवर आधीच सांगितलं होतं. म्हणाली, ताई, यांची पण एखादी वस्तू आधी निघू दे. जुलैत त्या आमच्या सामानातून नाशिकला जातील. न्यायला तुम्हाला यावं लागेल."

टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली. हनीफ कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत उभा राहिला. शेजारी मेहेक ओढणीचं टोक पिळत होती.

"रागावलात?" ती म्हणाली. "वहाणा हव्या असतील तर ताई परत यायच्या आधी जाऊन आणू. त्यांच्या घराची किल्ली ताईंनी माझ्याकडे दिलीय."

हनीफनं मान हलवली.

"नको गो," तो म्हणाला. "परत आणायच्या नसतात त्या. तिकिटाचं बघ आपल्या."